परमवर पहिला जॉब कसा टाकायचा: राष्ट्रीय महासंगणक अभियानाकडे नव्याने वळणाऱ्यांसाठी

कोल्हापूर, नांदेड, जळगावकडच्या विद्यापीठांत पीएचडी करणाऱ्या अनेकांचा समज असतो की महासंगणक ही आयआयटीवाल्यांची आणि हवामान खात्याची मिरास आहे. प्रत्यक्षात राष्ट्रीय महासंगणक अभियानाखाली उभी राहिलेली यंत्रं (बहुतेकांची नावं 'परम'ने सुरू होतात) देशभरातल्या संशोधकांसाठी आहेत, आणि यजमान संस्थेबाहेरच्या माणसालाही त्यांवर वेळ मागता येतो. अर्ज फारसा अवघड नसतो. अवघड असतो तो त्यातला एक रकाना: तुमच्या कामाला किती गणन लागेल? बहुतेक नवखे इथे अंदाजपंचे आकडा टाकतात आणि मग एकतर अर्ज परत येतो, नाहीतर मिळालेला वेळ महिनाभरात संपतो. म्हणून या लेखात तो आकडा कसा काढायचा यावर जास्त जागा दिली आहे. बाकीचं थोडक्यात.

लिनक्सची टर्मिनलची खिडकी तुम्ही निदान एकदा उघडली आहे, आणि सी, फोरट्रान किंवा पायथनमध्ये काही लिहिलं आहे किंवा ग्रोमॅक्स, क्वांटम एस्प्रेसो, ओपनफोम यांसारखं एखादं पॅकेज लॅपटॉपवर चालवलं आहे, एवढं मी धरून चालतो.

अभियान म्हणजे काय, चार ओळींत

ऐंशीच्या दशकात भारताला हवा तो शक्तिशाली क्रे महासंगणक द्यायला अमेरिकेने नकार दिला. त्यातून १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था उभी राहिली, आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. पुढचा भाग कमी जणांना ठाऊक असतो. मार्च २०१५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय महासंगणक अभियानाला मंजुरी दिली: सात वर्षं, ४,५०० कोटी रुपये, पैसा विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग आणि इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालय या दोघांचा, अंमलबजावणी सी-डॅक आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेची. 'परम शिवाय' नावाचं पहिलं यंत्र २०१९ मध्ये वाराणसीच्या आयआयटीत सुरू झालं. मार्च २०२५ पर्यंत अशी ३४ यंत्रं आणि मिळून ३५ पेटाफ्लॉप्सची ताकद उभी राहिली होती. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतकी दशांश अपूर्णांकांची गणितं.

सरकारी माहितीप्रमाणे ही यंत्रं ८५ टक्क्यांहून जास्त वापरात असतात. म्हणजे रांग असणारच. तिची सवय करून घ्यावी लागते.

पायरी १: खरंच गरज आहे का?

माझं स्पष्ट मत आहे की महासंगणकासाठी धडपडणाऱ्या दहातल्या निम्म्या लोकांना त्याची गरज नसते. त्यांना बरा डेस्कटॉप आणि बरा प्रोग्राम लागतो. पायथनमध्ये एकात एक तीन लूप घालून आठ तास चालणारं काम नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीच्या चार ओळींत मिनिटांवर येतं. तसं न करता तोच प्रोग्राम परमवर नेला तर तो तिथेही आठच तास घेईल. कदाचित जास्तच, कारण महासंगणकाचा एक कोअर (प्रोसेसरमधला गणन करणारा एक स्वतंत्र भाग) तुमच्या नव्या लॅपटॉपच्या एका कोअरपेक्षा वेगवान असतोच असं नाही. महासंगणकाची ताकद पुष्कळ कोअर एकाच वेळी कामाला लावण्यात आहे. तुमचा प्रोग्राम एकाच कोअरवर चालणारा असेल, तर ४८ कोअरच्या नोडवरचे (नोड म्हणजे महासंगणकातला एक संगणक) उरलेले सत्तेचाळीस नुसते बघत बसतील.

गरज ओळखायची तीन साधी लक्षणं आहेत.

पहिलं म्हणजे मेमरी. एक लाख ओळी आणि एक लाख स्तंभांचं मॅट्रिक्स दुहेरी अचूकतेत (प्रत्येक आकड्याला आठ बाइट) साठवायला ८० जीबी लागतात. लॅपटॉपवर ते मावणार नाही. अभियानातल्या अनेक यंत्रांच्या एका साध्या नोडवर १९२ जीबी मेमरी असते, तिथे मावेल. दुसरं, एकच काम असंख्य वेळा वेगवेगळ्या आकड्यांसाठी करायचं असणं, उदाहरणार्थ पाच हजार रेणू एका प्रथिनावर बसवून बघणं. तिसरं, एकच काम इतकं मोठं असणं की ते अनेक नोडवर वाटून द्यावंच लागतं, जसं हवामानाचं प्रारूप किंवा लाखो अणूंचं सिम्युलेशन.

तिन्हींपैकी एकही लागू होत नसेल तर आधी आपल्या विभागात चौकशी करा. सी-डॅकने परम शावक नावाचा टेबलाशेजारी मावणारा छोटा महासंगणक बनवला आणि तो अनेक शैक्षणिक संस्थांनी घेतला. काही ठिकाणी तो संगणक विभागाच्या एखाद्या कुलूपबंद खोलीत, उद्घाटनाच्या फितीची आठवण काढत पडलेला असतो. किल्ली कोणाकडे आहे हे शिपायाला विचारा, विभागप्रमुखांपेक्षा लवकर उत्तर मिळेल.

पायरी २: कोणत्या यंत्राकडे जायचं

महाराष्ट्रातल्या माणसाला जवळचं नाव म्हणजे परम ब्रह्म, पुण्यात पाषाणला आयसरमध्ये. पण जवळचंच यंत्र घ्यायला हवं असं काही नाही. काम इंटरनेटवरूनच करायचं असतं, त्यामुळे यंत्र रुरकीला आहे की गुवाहाटीला याने फरक पडत नाही. रुरकीला परम गंगा आहे, खरगपूरला परम शक्ती, कानपूरला परम संगणक, गांधीनगरला परम अनंत, गुवाहाटीला परम कामरूप, तिरुचिरापल्लीला परम पोरुळ. बंगळुरूच्या विज्ञान संस्थेतला परम प्रवेग ३.३ पेटाफ्लॉप्सचा आहे.

निवड करताना पेटाफ्लॉप्सकडे बघू नका, कारण तुम्हाला त्यातले दोन-चार नोडच मिळणार आहेत. त्याऐवजी तीन गोष्टी बघा: बाहेरच्या वापरकर्त्यांसाठी तिथले नियम आणि शुल्क काय आहे, तुमचं पॅकेज तिथे आधीच बसवलेलं आहे का, आणि तुमच्या ओळखीतलं कोणी तिथे काम करतंय का. तिसरी गोष्ट पहिल्या दोन्हींवर मात करते. ज्याने त्या यंत्रावर तुमचंच पॅकेज चालवलंय अशा माणसाची चालू स्क्रिप्ट हातात असेल तर पंधरा दिवसांचा त्रास वाचतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेचं काम असेल तर पुण्याच्या सी-डॅकमधला परम सिद्धी-एआय वेगळा आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये जगातल्या पाचशे वेगवान महासंगणकांच्या यादीत तो ६३व्या क्रमांकावर होता. तिथेच नंतर ऐरावत आला आणि २०२३ च्या यादीत त्याने ७५वा क्रमांक घेतला.

काही यंत्रं मात्र आपल्यासाठी नाहीत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतला अर्का ११.७७ पेटाफ्लॉप्सचा आहे, पण तो या अभियानाचा भाग नाही. तो भूविज्ञान मंत्रालयाचा, मुख्यतः हवामानाच्या कामासाठी. त्याचं आणि तीन परम रुद्र यंत्रांचं लोकार्पण २६ सप्टेंबर २०२४ ला पंतप्रधान पुण्यात येऊन करणार होते. मुसळधार पावसामुळे दौरा रद्द झाला आणि पावसाचा अंदाज सांगणाऱ्या यंत्राचं लोकार्पण व्हिडिओवरून उरकावं लागलं. त्या तीन परम रुद्रांपैकी एक खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीसाठी आहे. बाकीचे दोन दिल्ली आणि कोलकात्याला.

पायरी ३: आकडा काढा

आता मुख्य काम. महासंगणकावरचा वेळ कोअर-तासांत मोजतात. एक कोअर एक तास वापरला की एक कोअर-तास. ४८ कोअरचा एक नोड २० तास वापरला तर ९६० कोअर-तास. अनेक यंत्रांवर पूर्ण नोड तुमच्या नावावर लागतो, म्हणजे तुम्ही त्यातले दहाच कोअर वापरलेत तरी हिशोब ४८ चाच होतो. आपल्या यंत्रावर काय पद्धत आहे ते आधी विचारून घ्या.

हा आकडा मनाने काढायचा नाही, मोजायचा. पद्धत अशी:

लॅपटॉपवर किंवा विभागाच्या सर्व्हरवर तुमच्या कामाचा एक छोटा, पण खरा तुकडा घ्या. रेणूंचं सिम्युलेशन असेल तर शंभर नॅनोसेकंदांऐवजी एक नॅनोसेकंद चालवा, पण रेणू आणि पाण्याची पेटी तीच ठेवा. तो एका कोअरवर चालवा, मग दोनवर, चारवर, आठवर. प्रत्येक वेळी लागलेला वेळ लिहून ठेवा. कोअर दुप्पट केल्यावर वेळ जवळपास निम्मा होतोय का बघा. एका टप्प्यानंतर तो निम्मा होणं थांबतं, आणि हा टप्पा कुठे येतो ते कळणं हेच या खटाटोपाचं फळ.

असं का होतं? प्रत्येक प्रोग्राममध्ये थोडा भाग असा असतो जो वाटून देता येत नाही. फाइल वाचणं, शेवटी सगळ्यांची बेरीज करणं, एकमेकांच्या निकालाची वाट बघणं. समजा, कामाचा फक्त ५ टक्के भाग असा आहे. मग ४८ कोअरवर काम ४८ पट नव्हे, साधारण १४ पट वेगाने होतं. दहा नोड म्हणजे ४८० कोअर लावले तर १९ पट. आणि कितीही कोअर ओतले तरी २० पटींच्या पुढे ते जाऊच शकत नाही. दहापट खर्च करून चौदाचे एकोणीस झाले. याला अॅमडालचा नियम म्हणतात, आणि तुमचा अर्ज वाचणाऱ्या समितीतल्या माणसाला तो पाठ असतो. तुम्ही ४८० कोअर मागितलेत आणि सोबत मोजमाप नसेल, तर त्याच्या डोळ्यांसमोर हेच गणित येणार.

आता एक पूर्ण उदाहरण. समजा, मोजमापावरून तुमच्या लक्षात आलं की एक सिम्युलेशन एका नोडवर २० तासांत संपेल. पाच तापमानांवर बघायचंय आणि प्रत्येकाच्या तीन आवृत्त्या हव्यात. म्हणजे पंधरा सिम्युलेशनं, पंधरा गुणिले ९६०, म्हणजे १४,४०० कोअर-तास. यात चुकलेल्या, मध्येच पडलेल्या आणि परीक्षकाने 'हेही करून बघा' म्हटल्यामुळे वाढलेल्या कामासाठी तीस टक्के घाला. १८,७२० होतात, १९,००० मागा. अर्जात ही बेरीज जशीच्या तशी लिहा, सोबत मोजमापाचं कोष्टक जोडा. गोल पाच लाख कोअर-तास मागणाऱ्या अर्जापेक्षा एकोणीस हजारांचा हिशोब देणारा अर्ज मंजूर करणं कुठल्याही समितीला सोपं जातं.

लॅपटॉपचा कोअर आणि परमचा कोअर सारखा नसतो, मग हे मोजमाप कितपत खरं? पहिल्या अर्जापुरतं पुरेसं खरं. बऱ्याच ठिकाणी आधी थोडासा चाचणीचा वेळ मागता येतो, तो जरूर मागा, तिथे पुन्हा मोजा आणि मोठा अर्ज त्या आकड्यांवर करा.

कोअर-तासांबरोबर साठवणीचाही हिशोब द्या. एक सिम्युलेशन किती जीबीची फाइल तयार करतं, ते गुणिले पंधरा. हा रकाना बरेच जण रिकामा सोडतात आणि मग अर्ध्या वाटेत डिस्कचा कोटा संपतो.

पायरी ४: अर्ज आणि सह्या

अर्ज त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावर असतो. विद्यार्थ्याला सहसा स्वतःच्या नावाने प्रकल्प मिळत नाही. प्रकल्प गाईडच्या नावाने आणि तुम्ही त्याखालचे वापरकर्ते. गाईडची सही, विभागप्रमुखांचा शिक्का, संस्थेचं ओळखपत्र, संस्थेचाच ईमेल. जीमेलवरून पाठवलेला अर्ज बाजूला पडण्याची शक्यता फार. तुमच्या विद्यापीठाने तुम्हाला ईमेल दिलाच नसेल तर आधी संगणक केंद्रात जाऊन तो मिळवा, ही कटकट पुढे पन्नास ठिकाणी उपयोगी पडेल.

गाईडना स्वतःला महासंगणकाची सवय नसेल तर 'सर, फॉर्म भरलाय, फक्त सही हवी' असं म्हणून पुढे करू नका. शुल्क लागणार असेल तर ते कोणत्या प्रकल्पाच्या खात्यातून जाणार, हे आधी बोलून घ्या. सही झाल्यावर बिल बघून चिडलेले गाईड हा वेगळाच विषय आहे.

पायरी ५: आत शिरल्यावर

खातं मिळालं की एसएसएचने (दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे लॉगिन करायची सोय) आत जायचं. विंडोजवरून मोबाएक्सटर्म किंवा पुटी वापरा, लिनक्स आणि मॅकवर टर्मिनलच पुरतं. काही संस्था फक्त ठरावीक आयपी पत्त्यावरून किंवा व्हीपीएनमधूनच आत सोडतात, म्हणून घरून लॉगिन होत नसेल तर लगेच पासवर्डवर शंका घेऊ नका.

आत गेलात की तुम्ही लॉगिन नोडवर असता. ही दाराजवळची जागा. इथे फाइल बघायची, बदलायची, प्रोग्राम कंपाइल करायचा, जॉब (यंत्राने रांगेतून चालवायचं काम) टाकायचा. इथे गणन चालवायचं नाही. त्याच नोडवर एकाच वेळी शंभर जण बसलेले असतात आणि तुमच्या एका प्रोग्राममुळे सगळ्यांचं टायपिंग अडखळतं. प्रशासक तो प्रोग्राम मारतात, आणि पुन्हा तसंच केलंत तर खातं गोठवतात.

जागा दोन प्रकारची असते. होम म्हणजे छोटी आणि टिकाऊ. प्रोग्राम आणि स्क्रिप्ट तिथे ठेवा. स्क्रॅच म्हणजे मोठी आणि वेगवान, पण ठरावीक दिवस हात न लावलेल्या फाइली तिथून आपोआप पुसल्या जातात. ही मुदत प्रत्येक ठिकाणी वेगळी असते; स्वागताचा जो लांबलचक मजकूर लॉगिन केल्यावर दिसतो, त्यात ती लिहिलेली असते. तो मजकूर वाचा. कोणीच वाचत नाही.

लाखभर छोट्या फाइली तयार करणारे प्रोग्रामही स्क्रॅचला आवडत नाहीत. तिथली लस्टर नावाची फाइलप्रणाली थोड्या आणि मोठ्या फाइलींसाठी घडवलेली आहे. छोट्या फाइली एकत्र बांधून टार करा.

डेटा वर चढवण्याचा हिशोब आधीच करा. कॉलेजच्या इंटरनेटवर सेकंदाला १० मेगाबिटचा वेग मिळत असेल तर एक टेराबाइट चढवायला नऊ दिवसांहून जास्त लागतील. तुमचं विद्यापीठ राष्ट्रीय ज्ञान जाळ्याला (शिक्षण आणि संशोधन संस्थांना जोडणारं वेगवान नेटवर्क) जोडलेलं असेल तर संगणक केंद्रात जाऊन तिथल्या मशीनवरून पाठवा. आणि साध्या कॉपीऐवजी आरसिंक वापरा, म्हणजे वीज गेली तर राहिलं तिथून पुढे सुरू करता येतं.

सॉफ्टवेअर 'मॉड्यूल' या आज्ञेने मिळतं. 'मॉड्यूल अव्हेल' म्हटलं की काय काय आहे त्याची यादी येते, 'मॉड्यूल लोड' म्हटलं की हवं ते उपलब्ध होतं. तुमचं पॅकेज यादीत नसेल तर ते स्वतः होममध्ये बसवता येतं; सुडो (प्रशासकाचे अधिकार) मागणारी कुठलीही कृती मात्र इथे चालणार नाही.

पायरी ६: जॉब टाकणं

बहुतेक परम यंत्रांवर स्लर्म नावाची प्रणाली रांग सांभाळते. तुम्ही एक छोटी स्क्रिप्ट लिहिता. तिच्या वरच्या ओळींत स्लर्मला सांगायचं असतं: जॉबचं नाव, कोणत्या पार्टिशनमध्ये (नोडच्या गटात), किती नोड, प्रत्येक नोडवर किती प्रक्रिया, जास्तीत जास्त किती वेळ, आणि निकाल व चुका कोणत्या फाइलमध्ये लिहायच्या. खाली मॉड्यूल लोड करण्याच्या ओळी आणि शेवटी तुमचा प्रोग्राम. 'एसबॅच' आज्ञेने ती स्क्रिप्ट रांगेत जाते, 'एसक्यू'ने (squeue) तिची अवस्था दिसते, 'एसकॅन्सल'ने ती मागे घेता येते. एसक्यूमध्ये पीडी दिसलं तर जॉब रांगेत थांबलाय, आर दिसलं तर चाललाय.

पहिला जॉब मुद्दाम फालतू टाका. एक नोड, पाच मिनिटं, फक्त नोडचं नाव छापणारा. तो नीट गेला की तुमचा प्रोग्राम, पण दहा मिनिटांसाठी. मग तासभर. थेट तीन दिवसांचा जॉब टाकून, दोन दिवस रांगेत थांबून, तिसऱ्या दिवशी 'फाइल सापडली नाही' एवढं वाचायला मिळणं ही या क्षेत्रातली सर्वात सामान्य दुर्घटना आहे.

किती वेळ मागायचा? नवखे नेहमी कमाल मर्यादा मागतात, 'असू दे' म्हणून. त्याने नुकसान तुमचंच होतं. मोठ्या जॉबसाठी स्लर्म नोड जमवत असतो, आणि तोवर मध्ये रिकाम्या राहणाऱ्या फटींत छोटे जॉब बसवतो. लग्नसराईत मंगल कार्यालय महिनाभर भरलेलं असतं, तरी दोन तासांच्या साखरपुड्याला मध्ये जागा निघते, तसंच हे. चार तासांचं काम असेल तर सहा तास मागा, बहात्तर नको.

मोठं काम असेल तर तुमच्या पॅकेजमध्ये चेकपॉइंटची सोय कशी आहे ते आधी शिका. मधल्या स्थितीची नोंद फाइलमध्ये होत राहिली तर वेळ संपून जॉब मेला तरी पुढचा जॉब तिथूनच सुरू होतो. ग्रोमॅक्स, क्वांटम एस्प्रेसो, दोन्हींत ही सोय आहे. स्वतःच्या प्रोग्राममध्ये ती स्वतः लिहावी लागते आणि ती लिहायला घालवलेला दिवस कधीच वाया जात नाही.

अडलं तर आधी हे बघा

स्क्रिप्ट विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहिली असेल तर ओळींच्या शेवटी एक अदृश्य जास्तीचं अक्षर बसतं आणि स्लर्म ती नाकारतो. 'डॉस-टू-युनिक्स' (dos2unix) ही आज्ञा चालवा, किंवा मुळात स्क्रिप्ट यंत्रावरच नॅनो या संपादकात लिहा.

फाइल किंवा फोल्डरच्या नावात मोकळी जागा नको. देवनागरी नावही नको, वाईट वाटलं तरी.

जॉब चालतोय पण लॅपटॉपपेक्षा हळू? बऱ्याचदा प्रत्येक प्रक्रिया आपापल्या परीने ४८ धागे (थ्रेड) सुरू करते आणि एकाच नोडवर हजारो धाग्यांची चेंगराचेंगरी होते. धाग्यांची संख्या ठरवणारा ओपनएमपीचा चल (OMP_NUM_THREADS) एकवर ठेवून बघा. उलट प्रकार म्हणजे अठ्ठेचाळीस कोअर घेऊन एकच वापरणं. दोन्ही रोग ओळखायला जॉब चालू असताना त्या नोडवर 'टॉप' बघता येतं, जिथे परवानगी असेल तिथे.

मेमरी संपून मेलेला जॉब नोड वाढवून लगेच बरा होत नाही. एका नोडवर कमी प्रक्रिया ठेवा, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला जास्त मेमरी येते. तरी भागत नसेल तर जास्त मेमरीचे वेगळे नोड बहुतेक यंत्रांवर असतात.

एवढं करून अडलं तर तिकीट टाका, म्हणजे यंत्राच्या सपोर्टकडे मदतीची लेखी विनंती. 'माझा जॉब चालत नाही' एवढ्यावर कोणीच मदत करू शकत नाही. जॉबचा क्रमांक, स्क्रिप्टचा मार्ग, कोणते मॉड्यूल लोड केले आणि आलेल्या त्रुटीचा पूर्ण मजकूर लिहा. स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला तिरपा फोटो नको. सपोर्टला बसलेली मुलं चांगली असतात. पुष्कळदा ती सी-डॅकचा अभ्यासक्रम करून नुकतीच लागलेली असतात आणि नीट लिहिलेल्या तिकिटाला मनापासून उत्तर देतात.

शिकायचं कुठे

अभियानाने महासंगणन आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी चार केंद्रं नेमली: खरगपूर, मद्रास, पालक्काड आणि गोव्याची आयआयटी. कोकण, कोल्हापूर, बेळगावकडच्यांना गोवा सर्वात सोयीचं. तिथल्या कार्यशाळांच्या जाहिरातींवर नजर ठेवा. आयआयटींच्या एनपीटीईएल या ऑनलाइन व्यासपीठावर समांतर प्रोग्रामिंगचे मोफत अभ्यासक्रम आहेत. त्यात एमपीआय (अनेक नोडवर काम वाटणं) आणि ओपनएमपी (एकाच नोडमध्ये धाग्यांवर वाटणं) या दोन गोष्टी आधी उचला, बाकी नंतर.

संशोधनापेक्षा नोकरीकडे ओढा असेल तर सी-डॅकचे सहा महिन्यांचे पदव्युत्तर डिप्लोमा आहेत, त्यांत महासंगणकांच्या प्रशासनाचाही एक आहे. सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. मला विचाराल तर प्रोग्रामिंगच्या गर्दीच्या डिप्लोमापेक्षा हा कमी लोकांच्या नजरेत असलेला रस्ता चांगला, कारण यंत्रं वाढतायत आणि ती चालवणारी माणसं कमी आहेत.

शेजारचे कार्यक्रम

दोन नावं यात नेहमी मिसळली जातात. मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेलं इंडियाएआय मिशन १०,३७२ कोटींचं आहे. त्यात सरकार खासगी कंपन्यांकडचे जीपीयू (एकाच वेळी असंख्य गणितं करणाऱ्या चिप) अनुदानित दराने संशोधक, विद्यार्थी आणि स्टार्टअपना मिळवून देतं. तुमचं काम भाषेच्या किंवा प्रतिमांच्या प्रारूपांना प्रशिक्षण देण्याचं असेल तर परमच्या रांगेआधी ते बघा. एप्रिल २०२३ चं राष्ट्रीय क्वांटम मिशन, ६,००३.६५ कोटींचं, अजून उभारणीच्या टप्प्यावर आहे. त्यातलं क्वांटम संवेदन आणि मापनाचं केंद्र आयआयटी मुंबईत आहे. तिथे जॉब टाकायला नव्हे, संशोधनाच्या जागेसाठी अर्ज करायचा असतो.

पेपर आल्यावर

पेपरमध्ये आभाराची ओळ लिहायची असते आणि ती ऐच्छिक नाही. कोणत्या परमवर, कोणत्या संस्थेत काम झालं, अभियानाचं नाव, अंमलबजावणी सी-डॅकची, पाठबळ दोन्ही सरकारी विभागांचं, हे सगळं तीत यावं लागतं. नेमका इंग्रजी मजकूर प्रत्येक यंत्राच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो, तो जसाच्या तसा उचला. पेपरची प्रत यंत्र चालवणाऱ्या केंद्राला पाठवा. पुढच्या वर्षी वेळ वाढवून मागताना 'आधीच्या वेळेतून काय निघालं' हा प्रश्न येतो, तेव्हा ती कामाला येते. पीएचडी संपत आली की खातं बंद होण्याच्या दोन महिने आधीच डेटा खाली उतरवायला घ्या, आणि तो गाईडच्या हार्ड डिस्कवर चढवताना कोणत्या फोल्डरमध्ये काय आहे याची एक साधी मजकूर फाइल सोबत ठेवा. त्या विषयावर तुमच्या मागून येणाऱ्या विद्यार्थ्याला तीच आधी उघडावी लागणार आहे.